फुटबॉल मॅनेजर: सही घेण्याआधी खेळाडू नीट बघायचा कसा

फुटबॉल मॅनेजर या कॉम्प्युटर गेममध्ये तुम्ही क्लबचे मॅनेजर असता. त्यात नवी सेव्ह, म्हणजे नवा डाव, सुरू झाली की बहुतेक जण आधी ट्रान्स्फर बजेट बघतात. मग प्लेयर सर्च उघडायचा, स्टारच्या, म्हणजे गेममधल्या दर्जाच्या, उतरत्या क्रमाने यादी लावायची आणि वर जो दिसेल त्याच्यावर बोली टाकायची. ऑक्टोबरपर्यंत तो खेळाडू बेंचवर असतो, त्याचा पगार दर आठवड्याला जात असतो, आणि ज्या जागी खरंच माणूस हवा होता तिथे जुनाच डावा बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) धापा टाकत असतो. स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी क्लबची माणसं. स्काउटिंग म्हणजे दडलेले हिरे शोधणं, असा एक समज आहे. हिरेही सापडतात, पण स्काउटिंगचं बरंचसं काम हे कोणाला घ्यायचं नाही ते वेळेत कळण्याचं आहे. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की पुढचं सगळं सोपं होतं.

उदाहरणासाठी इंग्लंडच्या चौथ्या पातळीवरचा, म्हणजे लीग टूमधला एक क्लब धरू. मँचेस्टर सिटी घेतली तर दोन-तीन चुकीच्या सह्या पचून जातात. लीग टूमध्ये एक चुकली तरी अख्खा हंगाम निस्तरावं लागतं, त्यामुळे नवख्याला सवय लागायला ही जागा चांगली. स्क्रीनची मांडणी आवृत्तीगणिक बदलते. २०२५ ची आवृत्ती त्या वर्षीच्या फेब्रुवारीत रद्दच झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या २०२६ च्या आवृत्तीत बटणांच्या जागा पार बदलल्या. म्हणून कुठे क्लिक करायचं यापेक्षा काय बघायचं यावर इथे भर आहे.

सुरुवातीलाच: कोणत्या लीग लोड करायच्या

हा टप्पा सगळे घाईत उरकतात आणि नंतर म्हणतात, ‘मला कोणी सापडतच नाही.’ सेव्ह बनवताना तुम्ही ज्या देशांच्या लीग निवडता, तिथलेच खेळाडू गेममध्ये भरपूर संख्येने येतात. बाकी देशांतले नावाजलेले तेवढे येतात, उरलेले येत नाहीत. तुमच्याकडे जगातला सर्वोत्तम स्काउट असला तरी डेटाबेसमध्ये जो खेळाडूच नाही तो त्याला कुठून दिसणार?

लीग टूच्या क्लबला ब्राझील किंवा जपान लोड करून काहीच मिळत नाही. इंग्लंड अगदी खालपर्यंत, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड एवढं पुरे. आयर्लंडचं कारण पुढे येईल. लॅपटॉप साधा असेल तर लीग थोड्या कमी ठेवा, पण डेटाबेसचा आकार मध्यम किंवा मोठा ठेवा. वीस लीग लोड करून प्रत्येक दिवस पुढे ढकलायला मिनिटभर वाट बघण्यात मजा नाही.

याच वेळी खेळाडूंचे गुण झाकून ठेवण्याची सोय चालू राहू द्या. ती बंद केली की जगातल्या प्रत्येक खेळाडूचे आकडे उघडे दिसतात आणि स्काउटिंगला काही अर्थच उरत नाही. गेममधला एडिटर वेगळा विकत मिळतो, शिवाय लपलेले आकडे दाखवणारी बाहेरची टूल्सही आहेत. पहिल्या सेव्हमध्ये दोन्हींपासून लांब राहा. उत्तरपत्रिका समोर ठेवून पेपर सोडवायची हौस असेल तर गोष्ट निराळी.

गरज कागदावर उतरवा

स्काउटला कामाला लावण्याआधी आपला संघ बघा. स्क्वॉड प्लॅनरमध्ये प्रत्येक जागेवर पहिला कोण, दुसरा कोण आणि कोणाचा करार येत्या जूनमध्ये संपतोय, हे भरून टाका. भोकं आपोआप दिसतात. आपल्या उदाहरणात भोक आहे डाव्या बॅकचं.

‘चांगला डावा बॅक’ म्हणजे काहीच नाही सांगितलं. तुमच्या टॅक्टिकमध्ये तो काय करणार आहे? वर धावत जाऊन क्रॉस टाकणारा विंग बॅक हवा असेल तर स्टॅमिना, वर्क रेट, पेस, अ‍ॅक्सेलरेशन आणि क्रॉसिंग आधी बघायचं. मागे थांबून जागा सांभाळणारा हवा असेल तर पोझिशनिंग, मार्किंग, टॅकलिंग, कॉन्सन्ट्रेशन. खेळाडूच्या पानावर रोल निवडला की त्या रोलला लागणारे गुण ठळक दिसतात, तेवढेच बघायची सवय लावा. २०२६ च्या आवृत्तीत चेंडू आपल्याकडे असतानाचा रोल वेगळा आणि नसतानाचा वेगळा असतो, म्हणून दोन्ही तपासावे लागतात. पुढे जाऊन छान खेळणारा पण मागे आल्यावर गोंधळणारा बॅक नेमका इथेच पकडला जातो.

गुण १ ते २० या मापात असतात. लीग टूमध्ये महत्त्वाच्या गुणांत १० ते १२ म्हणजे रोजच्या कामाचा माणूस, १३-१४ म्हणजे त्या पातळीवर उठून दिसणारा. हा ढोबळ अंदाज आहे. प्रत्येक सेव्हमध्ये प्रतिस्पर्धी संघांचे त्या जागेवरचे दोन-तीन खेळाडू उघडून बघितलेत तर तुमचं स्वतःचं माप तयार होईल.

आणखी एक: तीन गुण असे निवडा की ज्यात तडजोड नाही. तीनच. दहा ठेवलेत तर तसा खेळाडू लीग टूला परवडणार नाही, आणि एकही ठेवला नाहीत तर पुन्हा स्टारकडे नजर जाते.

आधी स्काउट बघा, मग खेळाडू

खेळाडू निवडताना लोक तासभर घालवतात, स्काउट निवडताना दोन मिनिटंही नाही. स्काउटचे दोन गुण सगळ्यात महत्त्वाचे: खेळाडूची आजची क्षमता ओळखणं आणि त्याची पुढची मजल ओळखणं. हेसुद्धा १ ते २० मध्येच असतात. आजची क्षमता ओळखण्यात ७ असलेला स्काउट चार स्टार देतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याला तेवढंच कळतं. तरुण पोरांसाठी दुसरा गुण जास्त असलेला स्काउट पाठवा आणि तयार खेळाडूंसाठी पहिला.

बाकीच्यांत अ‍ॅडॅप्टेबिलिटी बघा, म्हणजे परक्या देशात पाठवल्यावर तो किती पटकन रुळेल. कोणत्या देशांची त्याला आधीपासून माहिती आहे, तेही त्याच्या पानावर असतं. आयर्लंड माहीत असलेला मध्यम स्काउट आपल्या कामाला, स्पेन माहीत असलेल्या चांगल्या स्काउटपेक्षा जास्त उपयोगी.

लीग टूमध्ये बोर्ड दोन-तीन स्काउटांच्या वर परवानगी देत नाही आणि स्काउटिंगचं बजेटही तुटपुंजं असतं. त्यात एक चीफ स्काउट दमदार घ्या. ‘रिस्पॉन्सिबिलिटीज’मध्ये जाऊन स्काउटांना काम वाटून देण्याचा अधिकार सुरुवातीला त्याच्याकडेच राहू द्या, पण सही कोणाची घ्यायची हा निर्णय स्वतःकडे ठेवा. डायरेक्टर ऑफ फुटबॉलकडे तो सोपवला की एके सकाळी इनबॉक्समध्ये तिसरा गोलकीपर आलेला असतो.

स्काउटला नेमकं काम द्या

२०२३ च्या आवृत्तीपासून रिक्रूटमेंट फोकस नावाची सोय आहे. त्यात जागा, रोल, वय, कायमचा हवा की लोनवर (काही काळ उसना), कुठल्या भागात शोधायचं आणि किमान पातळी किती हे भरायचं. मग स्काउट त्या चौकटीत शोधत राहतो आणि नावं आणून देतो.

नवख्यांची नेहमीची पद्धत म्हणजे आठ फोकस एकदम लावणे. दोन स्काउट आठ ठिकाणी वाटले गेले की प्रत्येक खेळाडूची अर्धवट माहिती येते आणि विंडो (खेळाडू घेण्याची मुदत) संपते. एका वेळी दोन फोकस ठेवा. आपल्या उदाहरणात पहिला: डावा बॅक, १९ ते २५ वय, इंग्लंडच्या खालच्या लीग आणि आयर्लंड. दुसरा: तोच रोल, पण लोनवर, वरच्या क्लबांच्या राखीव संघांतून. पहिल्यातून काही जमलं नाही तर दुसरा हाताशी असतो.

किमान पातळीची अट फार कडक ठेवू नका. स्काउटची पहिली नजर अर्धवट असते, आणि अट कडक असेल तर चांगली पोरं पहिल्याच फेरीत गळतात.

फोकसमधून जी नावं येतील त्यांतली पटलेली शॉर्टलिस्टमध्ये टाका आणि त्यांतल्या चार-पाच जणांवर पूर्ण माहिती मिळेपर्यंत स्काउट लावा. इथपर्यंत यायला काही आठवडे लागतात. म्हणून उन्हाळी विंडोचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करायचं. विंडो उघडल्यावर सुरू केलं की डेडलाइनच्या दिवशी अर्धे गुण झाकलेला खेळाडू घ्यावा लागतो.

रिपोर्ट ओळीओळीने

आता समजा आयर्लंडमधला १९ वर्षांचा एक डावा बॅक स्काउटने आणला. त्याचं कार्ड असं दिसतं: शिफारस ‘बी’. आजची क्षमता अडीच स्टार. पुढची मजल तीन सोनेरी स्टार आणि त्यापुढे दीड काळा. स्टॅमिना १४, पेस १३-१५, क्रॉसिंग ९-१३, पोझिशनिंग ६-१२, डिटर्मिनेशन १५. स्वभाव: फेअर्ली प्रोफेशनल.

आधी स्टार. हे स्टार जगाच्या मापात नसतात, तुमच्या संघाच्या मापात असतात. हाच पोरगा मँचेस्टर सिटीच्या स्काउटला अर्ध्या स्टारचा दिसेल. तुमचा संघ सुधारला की कालचे चार स्टार आज अडीच होतात. त्याचा खेळ तोच असतो, पट्टी बदललेली असते. म्हणून अडीच स्टार म्हणजे ‘तुमच्या आताच्या खेळाडूंच्या आसपास’ एवढाच अर्थ घ्या.

काळे स्टार म्हणजे स्काउटची शंका. तीन सोनेरी आणि दीड काळा याचा अर्थ: तीनपर्यंत जाईल असं वाटतं, साडेचारपर्यंत जाऊ शकेल, पण मला खात्री नाही. किंमत ठरवताना सोनेरी तेवढेच मोजा. काळ्या स्टारसाठी पैसे मोजणं म्हणजे स्काउटच्या आशेसाठी पैसे मोजणं.

मग पट्टे, म्हणजे एका आकड्याऐवजी दिलेला दोन आकड्यांमधला अंदाज. पेस १३-१५ आहे. खालची बाजू धरली तरी कामाची, इथे थांबायची गरज नाही. क्रॉसिंग ९-१३: नऊ निघाला तरी चालवून घेता येईल का? विंग बॅकसाठी कष्टाने. पोझिशनिंग ६-१२ मात्र काहीच सांगत नाही. सहा असेल तर प्रत्येक दुसऱ्या सामन्यात मागे भगदाड, बारा असेल तर सोन्याहून पिवळं. अशा पट्ट्यावर बोली लावायची नाही, स्काउटला अजून सामने बघू द्यायचे. माहिती वाढली की पट्टा आक्रसत जातो आणि शेवटी एकच आकडा राहतो. तडजोड नसलेले तीन गुण एकेका आकड्यावर येईपर्यंत वाट बघा, बाकीचे पट्टे राहिले तरी चालतात.

आता रिपोर्टचा तो भाग जो नवखे वाचतच नाहीत: जमेच्या आणि उणेच्या बाजू. गेममध्ये काही गुण कधीच आकड्यात दिसत नाहीत. खेळातलं सातत्य, मोठ्या सामन्यात टिकणं, दुखापतींची सवय, दबाव सोसणं, व्यावसायिक वृत्ती. ही सगळी उणे-अधिकच्या वाक्यांतूनच डोकावतात. ‘कामगिरीत सातत्य नाही’ असं वाक्य आलं तर पानावरचे १४ आणि १५ तो रोज मैदानावर आणणार नाही. ‘मोठ्या सामन्यांत खेळ उतरतो’ हे प्रमोशनच्या प्लेऑफला पोचलेल्या संघासाठी गंभीर, तळातून वाचायचं असलेल्या संघासाठी तेवढं नाही. ‘वारंवार दुखापती’ मात्र छोट्या संघाने कधीच डोळ्यांआड करू नये. त्याच्या पानावर मागच्या दुखापतींची यादी असते, एकच स्नायू दोन-तीनदा गेला असेल तर पुढच्या नावाकडे वळा.

मी स्वतः उणेच्या बाजू आधी वाचतो. जमेच्या आधी वाचल्या की मन बनून जातं आणि मग उणेंना आपण कारणं शोधत बसतो.

स्वभावाचं लेबलही असंच. ‘मॉडेल सिटिझन’, ‘मॉडेल प्रोफेशनल’, ‘रेझोल्यूट’, ‘फेअर्ली प्रोफेशनल’ ही चांगली लेबलं, विशेषतः तरुण खेळाडूला, कारण व्यावसायिक वृत्तीवर त्याची वाढ बरीच अवलंबून असते. ‘स्लॅक’, ‘कॅज्युअल’, ‘टेम्परमेंटल’ दिसलं की कितीही स्टार असले तरी दोनदा विचार. सगळ्यात जास्त खेळाडू ‘बॅलन्स्ड’ असतात, आणि त्या लेबलला स्थळाच्या बायोडेटातल्या ‘मनमिळाऊ’ एवढाच अर्थ आहे. अशा वेळी पत्रकारांशी तो कसा वागतो त्याचं लेबल बघा; ‘व्होलटाइल’ लिहिलेलं असेल तर ड्रेसिंगरूममध्ये काय होणार याचा अंदाज येतो.

महाग खेळाडू असेल तर दुसऱ्या स्काउटलाही पाठवा. दोघांचे रिपोर्ट वेगवेगळे दिसतात. दोघांत एक स्टारचा फरक असेल तर ज्याचा क्षमता ओळखण्याचा गुण जास्त, त्याचं ऐका.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

डेटा हब (गेममधलं आकडेवारीचं पान) २०२२ च्या आवृत्तीत आला आणि तेव्हापासून आकड्यांचा पूर आहे. नवख्याने तीन पथ्यं पाळावीत.

मिनिटं बघा. नऊशे मिनिटं म्हणजे दहा पूर्ण सामने. त्याहून कमी खेळलेल्याचे दर ९० मिनिटांचे आकडे फार मनावर घेऊ नका. दोन चांगले क्रॉस पडले की तो लीगमध्ये पहिला दिसतो.

तो कोणत्या संघात खेळतो ते बघा. तळाच्या संघाचा बचावपटू टॅकल, क्लिअरन्स, इंटरसेप्शन या सगळ्यांत वर असतो, कारण चेंडू दिवसभर त्याच्याच अंगावर येत असतो. त्यामुळे किती टॅकल केले यापेक्षा शंभरातले किती जिंकले हे बघावं. स्ट्रायकरचे गोल मोजताना पेनल्टी वजा करा आणि मग त्याचा एक्सजीशी (मिळालेल्या संधींवरून अपेक्षित असलेल्या गोलांशी) मेळ घाला. एक्सजीपेक्षा खूप जास्त गोल एकाच हंगामात दिसले तर पुढच्या वर्षी तेवढे होतीलच असं नाही.

आणि लीगची पातळी. आयर्लंडमध्ये उठून दिसणारा लीग टूमध्ये सरासरी निघू शकतो. शक्य असेल तर त्याचा एखादा सामना पूर्ण लावून बघा. डाव्या बॅकचं लक्ष चेंडू उजव्या बाजूला असताना कुठे आहे, एवढं वीस मिनिटं बघितलं तरी पोझिशनिंगचा पट्टा समजायला मदत होते.

परमिट, करार, एजंट

खेळाडू पटला. आता तो येऊ शकतो का?

ब्रेक्झिटनंतर, जानेवारी २०२१ पासून, इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूला गुणांवर आधारलेली मान्यता लागते. आंतरराष्ट्रीय सामने, लीगचा दर्जा, क्लबकडून खेळलेली मिनिटं वगैरेंतून १५ गुण झाले की परवानगी मिळते. युरोपातल्या खेळाडूंनाही हेच. लीग टूला परवडेल असा स्वीडिश किंवा पोर्तुगीज खेळाडू बहुधा त्या गुणांच्या जवळही जात नाही. २०२३ पासून गुण न जमणाऱ्यांसाठी मोजक्या जागा आहेत: वरच्या दोन डिव्हिजनच्या क्लबांना चार, लीग वन आणि लीग टूला दोन. त्या जपून वापरा. १८ वर्षांखालचा परदेशी खेळाडू तर इंग्लिश क्लबला घेताच येत नाही. रिपोर्टमध्ये परमिटबद्दल ओळ असते, ती सगळ्यात आधी वाचा, म्हणजे स्काउटचे आठवडे फुकट जाणार नाहीत.

आयर्लंड इथे उपयोगी पडतं. आयरिश नागरिकाला ब्रिटनमध्ये परमिट लागत नाही. शिवाय तिथला हंगाम फेब्रुवारी ते नोव्हेंबर असा चालतो, त्यामुळे बरेच करार वर्षाच्या शेवटी संपतात. जानेवारीची विंडो उघडते तेव्हा पूर्ण हंगाम खेळलेले, फिट आणि मोकळे खेळाडू तिथे उपलब्ध असतात. लीग टूच्या मॅनेजरला याहून काय हवं? या बाजाराचा स्काउट सप्टेंबरमध्ये पाठवायचा.

आपल्याकडे एफसी गोवा किंवा मुंबई सिटी घेऊन सुरुवात करणारेही बरेच आहेत. तिथे गणित उलटं. इंडियन सुपर लीगमध्ये २०२१-२२ पासूनच्या नियमाने सहा परदेशी नोंदवता येतात आणि मैदानावर एका वेळी चारच. मग परदेशी खेळाडू संघाच्या कण्यात खर्ची घालायचे: सेंटर बॅक, मधला मिडफिल्डर, स्ट्रायकर. बाकी सात जण भारतीय, आणि प्रत्येक क्लब त्याच मोजक्या चांगल्या भारतीय खेळाडूंमागे. त्या सेव्हमध्ये स्काउटचा जास्तीत जास्त वेळ देशांतर्गतच लावा. खालच्या लीगमधला २१ वर्षांचा बॅक वेळेत दिसणं, हे युरोपातून आलेल्या ३४ वर्षांच्या नावापेक्षा मोलाचं ठरतं. नियम हंगामागणिक बदलतात, गेममध्ये स्पर्धेच्या पानावर ते एकदा वाचून घ्या.

कराराची तारीख बघितल्याशिवाय बोली लावू नका. दुसऱ्या देशातल्या खेळाडूचा करार सहा महिन्यांत संपत असेल तर क्लबला पैसे न देता आधीच बोलणी करता येतात. डिसेंबर १९९५ च्या बोसमन निकालाने युरोपातल्या खेळाडूंना करार संपल्यावर फुकट जाण्याची मोकळीक मिळाली, ती वाट गेममध्येही तशीच आहे. मात्र इंग्लंडमध्येच २४ वर्षांखालचा खेळाडू करार संपून येत असेल आणि त्याच्या क्लबने त्याला नवा करार देऊ केला असेल, तर भरपाई द्यावी लागते. ‘फुकट’ म्हणून घेतला आणि बिल आलं, असं इथे होतं.

बोलीआधी एजंटला विचारण्याची सोय आहे. त्याचा क्लायंट यायला तयार आहे का, पगार साधारण किती मागेल, संघात कोणती जागा हवी आहे. पगाराचा आकडा इथेच कळला तर नकार देणं स्वस्त पडतं. बोली मान्य होऊन मग बोलणी फिसकटली तर आठवडा गेला.

लोन आणि ट्रायल

शंका उरलीच तर हे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही नवखे कमी वापरतात. मोकळ्या खेळाडूला किंवा खालच्या क्लबच्या खेळाडूला ट्रायलला बोलावता येतं. तो तुमच्या ट्रेनिंगमध्ये आला की तुमचे कोच त्याला रोज बघतात आणि पट्टे भराभर आक्रसतात. खर्च जवळपास शून्य. प्री-सीझनच्या मैत्रीपूर्ण सामन्यांत त्याला खेळवूनही बघा.

लोनवर घेतलेला खेळाडू तुमच्याच संघात असल्याने त्याचं सगळं उघड होतं. त्यात पुढे विकत घेण्याचा पर्याय, रक्कम आत्ताच ठरवून, घालता आला तर उत्तम. हंगामभर खेळवून बघा, जमला तर त्याच रकमेत घ्या, नाही जमला तर परत पाठवा.

वंडरकिडच्या याद्यांबद्दल

‘या वर्षीचे पन्नास वंडरकिड’, म्हणजे पुढे मोठे होतील असे तरुण खेळाडू, अशा याद्या दर आवृत्तीनंतर निघतात. वाचायला मजा येते, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. खेळाडूची कमाल मजल २०० च्या मापात लपलेली असते, आणि अनेक तरुणांच्या बाबतीत ती एका ठरलेल्या टप्प्यातून प्रत्येक नव्या सेव्हला नव्याने ठरते. यादी लिहिणाऱ्याच्या सेव्हमध्ये जो १८० ला गेला तो तुमच्याकडे १५५ वर थांबू शकतो. दुसरं, हे आकडे जगभरच्या संशोधकांनी खरे सामने बघून दिलेले असतात, म्हणजे शेवटी माणसांची मतं. चॅम्पियनशिप मॅनेजरच्या (या गेमच्या जुन्या अवताराच्या) काळात मिलवॉल क्लबचा चेर्नो सांबा आणि नंतर १४ व्या वर्षी व्यावसायिक झालेला फ्रेडी अडू हे गेममध्ये जग जिंकायचे. प्रत्यक्षात दोघांची कारकीर्द अगदी साधी राहिली.

उलट उदाहरणही आहे. २०१७ मध्ये ओली वॉटकिन्स लीग टूमधल्या एक्सेटर सिटीतून सुमारे १८ लाख पौंडांत ब्रेंटफर्डला गेला, तिथून २०२० मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाला, आणि पुढे इंग्लंडकडून खेळला. एक्सेटरने विकताना पुढच्या विक्रीत हिस्सा राखून ठेवला होता, तो त्यांना मिळाला. तुम्ही खेळाडू घ्याल तेव्हा समोरचा क्लबही हाच हिस्सा मागेल. रोख कमी असेल तर थोडा हिस्सा देऊन रक्कम उतरवून घ्या, पण वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर जाऊ नका. लीग टूमध्ये क्लब जगतो तो पोरं विकूनच.

सहीच्या टेबलावर

एवढं सगळं करून बोलणीत पैसे गेले तर काय उपयोग? दोन कलमं नवख्यांनी सरळ नाकारावीत: दरवर्षी पगारवाढ, आणि ‘संघातल्या सर्वात जास्त पगाराएवढा पगार’. दुसरं कलम एकदा आत गेलं की पुढच्या वर्षी नवा स्ट्रायकर आणताच डाव्या बॅकचाही पगार उडी मारतो. त्याबदल्यात सामन्यागणिक भत्ता किंवा प्रमोशनचा बोनस वाढवून द्या. तो खेळला किंवा यश आलं तरच ते पैसे जातात. खेळण्याच्या वेळेचं आश्वासन खरं तेवढंच द्या. १९ वर्षांच्या पोराला ‘रेग्युलर स्टार्टर’ लिहून दिलं आणि खेळवलं नाही तर डिसेंबरमध्ये तो दार ठोठावतोच.

वैद्यकीय तपासणीचा अहवाल येतो तेव्हा तो उघडून वाचा, घाईत ‘कन्फर्म’ दाबू नका. आणि सही होऊन खेळाडू संघाच्या यादीत दिसेपर्यंत शॉर्टलिस्टवरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नावावरचे स्काउट मागे बोलावू नका. शेवटच्या दिवशी दुसरा क्लब जास्त पगार घेऊन मध्ये घुसतो, तेव्हा ती दोन नावंच हाताशी असतात.